पाचावरचं टिंब

रात्री सव्वाबाराच्या सुमाराला मामांच्या उशाशी ठेवलेला बटनांचा फोन वाजला. मामांनी डोळे न उघडताच तो कानाला लावला. पलीकडून एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला : वीज आली आहे. मामांच्या अंगठ्यानं अंधारातच एक बटन शोधून दाबलं. मोटर चालू झाल्याचं आवाजानं सांगितलं. फोन उशाखाली सारून मामा कूस बदलून झोपी गेले. वस्तीपासून दीडेक किलोमीटरवर, रोटी घाटाच्या बाजूच्या रानात विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर शेततळ्यात पाणी टाकू लागली होती.

मी मात्र जागा राहिलो. तीसेक वर्षांपूर्वी याच घरातून, याच वेळेला, मी मामांच्या मागं मागं त्या विहिरीवर गेलो होतो. माझ्या हातात बॅटरी, मामांच्या हातात काठी. उसाच्या कडेनं जाताना काठी आपटत चालायचं, म्हणजे जनावर बाजूला होतं. विहिरीवर लाकडी खांबाला ठोकलेली पत्र्याची पेटी, तिच्यात स्टार्टर. मामांनी मला लांब उभं केलं. पेटीच्या पत्र्यात करंट उतरलेला असू शकतो, म्हणून आधी उलट्या हाताचं बोट हळूच टेकवून पाहिलं आणि मग कोरड्या काठीच्या टोकानं हिरवं बटन दाबलं. मोटर घुर्र करून गप्प झाली. एक फेज गेला होता. तासभर बांधावर बसून आम्ही परत आलो. पहाटे तीनला मामा पुन्हा गेले, एकटेच.

ती काठी मला तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, ती यंत्राची समीक्षाच होती. हिरवं बटन बनवणाऱ्यानं ते कोरड्या, उजेडातल्या, भिंतीवर ठोकलेल्या पेटीसाठी बनवलं. दाबणारा माणूस ओल्या मातीत अनवाणी उभा होता. त्या दोघांमधलं अंतर मामांनी हातभर काठीनं भरून काढलं.

पाटस हे दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. पुण्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर. भीमा सहकारी साखर कारखाना इथला. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते आणि इथून रोटीचा घाट चढून बारामतीच्या बाजूला वळते. तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आहे, म्हणून ऊस आहे; आणि ऊस आहे म्हणून मोटर, स्टार्टर, डीपी आणि ‘लाईट कधी येणार’ हा प्रश्न आहे. माणूस आणि यंत्र यांचं नातं बघायला मी शहर सोडून इथं आलो, कारण इथं यंत्राची परीक्षा कडक होते. धूळ, चिखल, कमी-जास्त होणारा विजेचा दाब, घट्टे पडलेली बोटं, कमी दिसणारे डोळे. या परीक्षेत पास झालेल्या वस्तू थोड्या आहेत, आणि त्या कुणी का बनवल्या हे शोधण्यासारखं आहे.

मामांच्या उशाशी असलेल्या त्या आवाजाचा एक पूर्वज पुण्यात जन्मला. संतोष ओस्तवाल हे विद्युत अभियंते. वयाची ऐंशी ओलांडलेले त्यांचे आजोबा रात्री-अपरात्री मोटर चालू करायला शेतावर चालत जात. ते पाहून त्यांच्या मनात घरबसल्या मोटर चालवायची कल्पना रुजली. त्यातून पुढं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण आलं. स्टार्टरला जोडलेल्या खोक्याला फोन लावायचा, वीज आहे की नाही हे ऐकू येणाऱ्या सुरावरून ओळखायचं आणि ठरलेले अंक दाबायचे. २००९ मध्ये नोकियानं जगभरातल्या शोधकांसाठी घेतलेल्या स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या खोक्याला पडदा लागत नव्हता. शेतकऱ्याच्या खिशात आधीच असलेला साधा फोन आणि आधीच असलेले कान, एवढ्यावर ते चालायचं. वाचता येण्याची अट नव्हती. आज पाटसच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात ‘मोबाईल ऑटो’ मागितला तर तीन-चार कंपन्यांची खोकी समोर येतात. मराठी बोलणारं द्या, असं गिऱ्हाईक आधीच सांगतं.

पण त्याच दुकानात, त्याच्या शेजारच्या फळीवर, एक जुनं आणि स्वस्त उपकरण आहे. नुसता ‘ऑटो’. वीज आली की हा आपोआप मोटर चालू करतो, विचारत नाही. एका शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर यापेक्षा सोपी वस्तू होणार नाही. बटन नाही, फोन नाही, शिकायचं काही नाही. घोटाळा होतो तो डीपीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ट्रान्सफॉर्मरवर.

हिशेब करून पाहू. पाच एचपीची मोटर चालताना साधारण ७ अँपिअर प्रवाह घेते. पण सुरू होतानाचे काही सेकंद तिला त्याच्या सहा पट, म्हणजे चाळीसेक अँपिअर लागतात; थांबलेली बैलगाडी हलवायला जोर लागतो तसा. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता १४० अँपिअरच्या आत-बाहेर. तिच्यावर अशा पंधरा मोटरी असल्या तर चालू स्थितीत १०५ अँपिअर होतात. डीपी निवांत असते. एकापाठोपाठ एक माणूस जाऊन बटन दाबत होता तोवर हे गणित जुळत होतं. कुणी पाच मिनिटं आधी पोचायचा, कुणी बिडी ओढून उठायचा, कुणाला झोप लागायची. माणसांची ही ढिलाईच डीपीला वाचवत होती. पंधरा ऑटो मात्र एकाच क्षणी जागे होतात. सहाशेच्या वर अँपिअर एकदम ओढले जातात, दाब कोसळतो, दाब कमी म्हणून मोटरी वेगच घेत नाहीत, आणि वेग घेत नाहीत म्हणून तो जादा प्रवाह ओढतच राहतात. मग फ्यूज उडतो, किंवा डीपीच जळते. जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत पंधरा जणांचं पीक वाळतं. म्हणून महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा.

शेतकरी ऑटो काढत नाहीत, यावरून त्यांना बेजबाबदार म्हणणारे लेख मी वाचलेत. मला ते पटत नाही. रात्री एकला वीज येणार आणि नऊला जाणार असेल, वाटेत ऊस असेल आणि उसात बिबट्या असेल, तर ऑटो लावणारा माणूस आपला जीव जपतोय. शिरूर, जुन्नर, आंबेगाव आणि आता दौंड या तालुक्यांत बिबट्या ही रोजची गोष्ट झालीय. दाट, उंच, बारा महिने उभा राहणारा ऊस त्याला रानासारखाच आसरा देतो. चूक असेल तर खोकं बनवणाऱ्याची आहे. त्यानं एकच शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला, डीपीवरचे बाकीचे चौदा ठेवले नाहीत. वीज आल्यावर प्रत्येक ऑटोनं वेगवेगळा वेळ थांबून मोटर सुरू करायची, एकानं अर्धा मिनिट, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं सात, एवढी व्यवस्था आत बसवायला फार खर्च येत नाही. अशी वेळ लावून ठेवायची सोय असलेले ऑटो बाजारात मिळतातही. पण ती वेळ खोक्यानं आपणहून वेगवेगळी ठेवायला हवी, ती शेतकऱ्यानं मळ्यात उभं राहून बारीक स्क्रूनं लावायची नसते.

२०१७ मध्ये राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. जिथं ती पोचली तिथं रात्रीचं हे सगळं महाभारत एका फटक्यात मिटतं. सर्वांत चांगलं उपकरण कधी कधी हे असतं, की उपकरणाची गरजच उरू नये.

मामांच्या फोनकडे वळतो. त्यांच्याकडे मुलानं दिलेला स्मार्टफोनही आहे. तो खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात असतो. उशाशी मात्र बटनांचा. “त्याला बघावं लागतं,” मामा म्हणाले, “ह्याला बघावं लागत नाही.”

या एका वाक्यात रचनेचं अर्धं शास्त्र आहे. बटनांच्या फोनवर पाचाच्या आकड्यावर बारीक उंचवटा असतो, टिंबासारखा. अंगठा तिथं टेकला की बाकीचे सगळे आकडे जागेवर सापडतात. वर दोन, खाली आठ, डावीकडे चार. काचेच्या पडद्यावर सगळीकडे एकच गुळगुळीतपणा. तिथं अंगठ्याला काही सांगणारं कुणी नाही. वर तो पडदा बोटाच्या विद्युत-स्पर्शावर चालतो, दाबण्यावर चालत नाही. त्यामुळं पाण्याचा थेंबही त्याला बोट वाटतो, आणि कोयता धरून घट्टा पडलेलं कोरडं बोट त्याला धड कळत नाही. पाच वेळा बोट टेकवूनही फोन उचलला जात नाही तेव्हा माणूस काय म्हणतो? “आपल्याला नाही जमत हे.” फोनला बोट ओळखता येत नाही, असं पाटसमध्ये कुणाच्याही तोंडून मी ऐकलं नाही.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात हेच मांडलं होतं. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही तर माणूस स्वतःला दोष देतो. दोष दाराचा असतो. आपल्याकडे या स्वदोषाला आणखी थर आहेत. शाळा सुटलेली असते, इंग्रजी येत नसतं, वय झालेलं असतं. त्यामुळं यंत्राची चूक माणसाच्या पदरात फार लवकर पडते, आणि तो ती घेऊनही टाकतो.

२००३ मध्ये नोकियाचा ११०० हा फोन आला. त्याच्या डोक्यावर छोटी बॅटरी होती, एक बटन दाबलं की उजेड. बटनांवर एकसंध रबरी आवरण, आत धूळ जाऊ नये म्हणून. कडांना खरबरीतपणा, घामट हातातून निसटू नये म्हणून. जगभर असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. भारतासारख्या देशांतल्या माणसाचे हात आणि हवा मनात धरून तो बनवला होता. आमच्या भागात रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्यांची चार सेलांची बॅटरी या फोननं सोडवली. त्याच्या आतली बीएल-५सी ही चपटी बॅटरी नखानं उचलून बदलता यायची, आणि तीच अनेक मॉडेलांत बसायची. फोन गेला तरी बॅटरी उरायची. पुढं ती भजनं वाजवणाऱ्या रेडिओत, छोट्या स्पीकरमध्ये, चिनी टॉर्चमध्ये शिरली. आजही मामांच्या फळीवर एका डबीत अशा दोन बॅटऱ्या आहेत, रबर लावून ठेवलेल्या.

माझ्या स्वतःच्या फोनची बॅटरी मागच्या वर्षी फुगली. मागची काच डिंकानं चिकटवलेली होती. एका सेवा केंद्रानं आठवडाभर फोन ठेवून घेतला आणि मग नव्या फोनच्या निम्मी किंमत सांगितली. मी नवा घेतला आणि जुन्यातले वडिलांचे काही आवाज कायमचे गेले. त्या डिंकाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पातळ फोन दिसायला छान असतो हे मान्य. पण उघडता न येणारी वस्तू विकणारा माणूस गिऱ्हाइकाला तिचा मालक होऊ देत नाही. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२७ पासून हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे असा नियम केला आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. मोटर मात्र जळाली तर रिवाइंडिंग करून देणारा माणूस दौंडला आहे, यवतला आहे, पाटसला आहे. तांब्याची तार गुंडाळत तो कुठल्याही कंपनीची मोटर उभी करतो. मोटर त्याला उघडता येते, म्हणूनच तो टिकला.

पाचावरच्या टिंबाची आणखी एक गोष्ट आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये संकटात मदत मागायची सोय असलीच पाहिजे, असा केंद्राचा नियम झाला. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा. स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटन झटपट तीनदा दाबायचं. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, न बघता सापडणारं बटन म्हणून पाचाची निवड किती नेमकी आहे! मामांना हे सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. मामींना नव्हतं, शेजारच्या वस्तीवरच्या तिघांना नव्हतं. रोज रात्री ज्या टिंबावर अंगठा टेकवून ते मोटर चालवतात, त्याच टिंबाखाली मदतीचा रस्ता ठेवलेला आहे, आणि तो कुणी दाखवलेलाच नाही. फोनच्या खोक्यातल्या कागदावर असेलही; तो कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो.

इंग्रजीवरून मराठी लिहिण्यातली एक वेगळीच अडचण आठवली. मामांचा मुलगा गावच्या पाणीवाटपाच्या ग्रुपवर रोज मजकूर टाकतो. “सर्व शेतकर्यांना कळविण्यात येते की,” अशी त्याची सुरुवात. मी म्हटलं, ‘शेतकऱ्यांना’ असं लिही ना. त्यानं फोन पुढं केला. “ते अक्षर कुठंय दाखव.” र दिसला. त्याच्या पोटात, दाबून धरल्यावर, कुठल्या तरी कोपऱ्यात तो दुसरा ऱ सापडला. ‘आचार्य’ आणि ‘शेतकऱ्या’ या दोन शब्दांतला र वेगळा उच्चारला जातो आणि मराठीत तो वेगळा लिहिला जातो. हिंदीला ही गरज नाही. युनिकोडमध्ये ऱ पहिल्यापासून आहे, ळ आहे. ॲ तेवढा २००८ मध्ये आला. म्हणजे संगणकाकडे अक्षर आहे. कळपाटाची मांडणी करणाऱ्यानं हिंदी डोळ्यांसमोर ठेवली आणि मराठीला उरलेल्या जागेत बसवलं. आज महाराष्ट्रभर लाखो संदेशांत शेतकरी ‘शेतकर्यां’ होतो, आणि ते वाचून शहाणी माणसं पोरांच्या शुद्धलेखनाला नावं ठेवतात. पुन्हा तेच. चूक रचनेची, बोल माणसाला.

सकाळी टोलनाक्याकडे गेलो. पाटसचा टोलनाका महामार्गावर सगळ्यांना ठाऊक आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशभर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून इथली सुट्ट्या पैशांची हुज्जत गेली. नाक्याच्या अलीकडे एका चहावाल्या ताईंकडे थांबलो. एका हातात गाळणी, दुसऱ्यात पातेलं. गिऱ्हाइकानं कोड स्कॅन केला आणि टेबलाखालून आवाज आला, वीस रुपये मिळाल्याचा, मराठीत. ताईंनी मान हलवली, गिऱ्हाईक निघालं. २०१९ मध्ये पेटीएमनं असा साउंडबॉक्स आणला, मागोमाग इतरांनी आणले. आत काय आहे? एक सिम, एक स्पीकर, एक बॅटरी. पण ज्यानं तो कल्पिला त्यानं चहाच्या गाडीवर उभ्या माणसाचे हात पाहिले असणार. ते हात मोकळे नसतात, ओले असतात, आणि गर्दीत प्रत्येकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण वाकून बघणं अपमानास्पद असतं, बघणाऱ्यालाही आणि दाखवणाऱ्यालाही. ताई म्हणाल्या, “आधी पोरं जुनाच फोटू दाखवून जायची. आता पेटी बोलल्याबिगर मी कप देत नाही.” तेवढ्या आवाजानं त्यांच्या शब्दाला वजन आलं आहे.

याच्या नेमकं उलट यंत्रही मी याच गावाच्या आसपास पाहिलं. आमच्या आजीनं सत्तर वर्षं खुरपं चालवलं. तिच्या अंगठ्यावर रेषा जवळजवळ उरल्याच नाहीत. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा जुळत नाही. ती अंगठा पदराला पुसते, फुंकर घालते, पुन्हा टेकवते. मागं रांग असते. यंत्र तिला ती स्वतः नसल्याचं सांगतं. दुकानदार चांगला माणूस आहे, तो म्हणतो, “आजी, उद्या सकाळी सकाळी या, तेव्हा जरा उठतो ठसा.” अंगठ्याचा ठसा ही ओळख ठरवताना कुणाचे अंगठे डोळ्यांसमोर होते? ज्यांनी मातीत काम केलं नाही त्यांचे. आणि रेशन कुणाला लागतं? मी आजीला तिथं उभी पाहिली आहे, आणि हे लिहितानाही माझा हात थांबतो.

आजी आता चौऱ्याऐंशीची. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. संध्याकाळी सातला ती कीर्तन लावते. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा. दोन्ही काळे, दोन्ही सारख्याच लांबीचे, दोन्हींवर वरच्या कोपऱ्यात लाल बटन. एकावर मी मोजली, ४७ बटनं होती. आजीला त्यातली चार लागतात. मधे मधे ती चुकीचं काही दाबायची, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं आणि घरात कुणी येईपर्यंत ती निळ्या पडद्यासमोर गप्प बसून राहायची. कुणाला सांगायची नाही. म्हणायची, मोडलं असंल माझ्याकडून.

मामांच्या नातीनं दिवाळीच्या सुट्टीत यावर उपाय काढला. दहा वर्षांची आहे. तिनं एका रिमोटला रबर गुंडाळलं, म्हणजे हात लागताच कुठला तो कळावा. दुसऱ्यावर नेलपॉलिशचे चार जाड ठिपके दिले, एकावर एक तीन थर, वाळू देऊन. चालू-बंदवर मोठा, आवाजावर दोन, आणि कीर्तनाच्या वाहिनीचा आकडा म्हणून पाचावर एक.

मी निघालो त्या संध्याकाळी आजी ओट्यावरून आत आली. दिवा अजून लावला नव्हता. तिनं रबर नसलेला रिमोट उचलला, अंगठा वरून खाली फिरवत आणला, मोठा ठिपका सापडला तिथं दाबला. मग आणखी खाली आली, पाचावरच्या ठिपक्यावर थांबली आणि माझ्याकडे बघत दाबलं. मृदंग सुरू झाला.